ॲडलेडमधील घरगुती बॅटरी आणि सार्वजनिक अनुदान

दक्षिण ऑस्ट्रेलियात घरगुती बॅटरीला सार्वजनिक पैशाचा आधार मिळू लागला तो २०१५ मध्ये, ॲडलेड नगर परिषदेच्या योजनेतून. मात्र या योजनेची गरज निर्माण केली ती त्याआधीच्या एका वेगळ्याच सवलतीने. १ जुलै २००८ पासून राज्याने घराच्या छतावर तयार होऊन घरात वापरून उरलेली वीज प्रति युनिट ४४ सेंट या, बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या, दराने ग्राहकाच्या खात्यात जमा करण्यास सुरुवात केली. उरलेली वीज विकण्यातच लाभ असल्यामुळे ती साठवण्याचे कारण कोणालाही नव्हते. २०११ मध्ये हा दर नव्या ग्राहकांसाठी बंद झाला आणि दुपारची वीज स्वस्तात देऊन संध्याकाळी तीच महागात घेण्याची वेळ आली, तेव्हा कुठे बॅटरीच्या हिशेबाला अर्थ प्राप्त झाला.

राज्य सरकारच्या सहभागाने आखलेल्या नगर परिषदेच्या योजनेत बॅटरीच्या निम्म्या खर्चाइतके, परंतु कमाल ५,००० डॉलरचे अनुदान होते. परिषदेची हद्द शहराचा मध्यभाग आणि उत्तर ॲडलेड एवढीच असल्याने लाभार्थी मोजकेच असणार हे उघड होते. तरीही, खासगी भिंतीवर बसणारे उपकरण हा सार्वजनिक हिताचा विषय ठरू शकतो, हे तत्त्व या लहानशा संस्थेने व्यवहारात आणले, हे तिचे खरे श्रेय होय.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने पारेषण मनोरे कोसळले आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. छतावर सौर पॅनेल असलेली बहुतेक घरेही त्यातून सुटली नाहीत, कारण वाहिनीवर काम करणाऱ्या कामगारांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून मुख्य जाळ्यातील वीज गेली की सामान्य इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलमधील एकदिश प्रवाहाचे घरगुती प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र, आपोआप थांबते. साठवण हा त्यानंतर राजकारणाचा विषय बनला. फेब्रुवारी २०१८ मध्ये वेदरिल सरकारने ५०,००० घरांच्या बॅटऱ्या एकाच नियंत्रणाखाली आणणारे आभासी वीजकेंद्र जाहीर केले, तर मार्चच्या निवडणुकीनंतर आलेल्या मार्शल सरकारने ऑक्टोबरमध्ये ४०,००० घरांसाठी १० कोटी डॉलरची अनुदान योजना सुरू केली. तीत साठवणक्षमतेच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे ५०० डॉलर आणि वीजबिलात सवलत मिळणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबांना ६०० डॉलर, कमाल ६,००० डॉलरपर्यंत, देण्याची तरतूद होती; ही रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने घटवण्यात आली आणि २०२२ मध्ये योजना संपुष्टात आली. याच काळात, २०१७ मध्ये मोटारनिर्मिती थांबलेल्या एलिझाबेथ येथील होल्डन कारखान्याच्या आवारात सोनेन या जर्मन कंपनीने बॅटऱ्यांची जुळणी सुरू केली, त्यामुळे अनुदानाला रोजगाराचीही बाजू लाभली.

या अनुदानाची मोठी मर्यादा अशी की ते मुख्यतः स्वतःच्या छताच्या मालकालाच उपयोगी पडले, कारण भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीवर हजारो डॉलर खर्च करीत नाही. म्हणूनच आभासी वीजकेंद्राच्या प्रारंभीच्या टप्प्यांत सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांची निवड झाली ही बाब अधिक महत्त्वाची ठरते: तेथे पॅनेल आणि बॅटरीसाठी भाडेकरूला काहीही भरावे लागले नाही आणि वीज मात्र कमी दराने मिळाली.