पाळीच्या आधीचा आठवडा

आपल्याकडे पाळीचे दिवस घराघरांत मोजले जात. पहिला दिवस, दुसरा दिवस, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणं. बाहेर बसलेल्या बाईला कोणी शिवायचं नाही, तिनं स्वयंपाकघरात यायचं नाही. सगळा हिशेब रक्त दिसल्यापासून सुरू होई. त्याच्या आधीचा आठवडा कोणी मोजत नसे. त्या आठवड्यात ती चुलीपुढेच असे, आणि रडू आवरेना, मुलांवर हात उठला, जगणं नको झालं, तर ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून विषय संपे. आज ज्याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी म्हणतात, तो आजार नेमका या न मोजलेल्या दिवसांतला. पाळी आली की थोड्याच दिवसांत मळभ हटतं. म्हणजे घर तिला बाजूला बसवी, तेव्हा तिचं मन सावरू लागलेलं असे.

चरकसंहितेत वीस योनिव्यापदांपैकी उदावर्तिनीचं वर्णन आहे: स्राव मोकळा झाला की लगेच आराम. पण ते निरीक्षण अंगाच्या वेदनेचं. मनाच्या वेदनेची नोंद आधुनिक वैद्यकात ठळकपणे झाली ती 1931 साली. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी पंधरा स्त्रियांच्या ‘पाळीपूर्व ताणा’बद्दल लिहिलं आणि दोष अंडाशयाच्या संप्रेरकाच्या अतिरेकाला दिला. त्रास फार असेल तर अंडाशयांवर क्ष-किरण सोडण्यापर्यंत त्यांची मजल गेली. 1953 साली लंडनच्या कॅथरिना डाल्टन यांनी रेमंड ग्रीन यांच्यासोबत शोधनिबंध लिहिला. गरोदरपणात आपली अर्धशिशी थांबते, हे डाल्टन यांनी स्वतःवरच पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी प्रोजेस्टेरॉनची कमतरता हे कारण मानलं. पुढच्या चाचण्यांत त्यांचा उपचार टिकला नाही. टिकली ती त्यांची तारखा लिहून ठेवण्याची शिस्त.

या तारखा न्यायालयातही पोचल्या. 1981 साली इंग्लंडमध्ये खुनाच्या एका खटल्यात आरोपी स्त्रीच्या रोजनिशा आणि जुन्या नोंदी पुढे आल्या. तिची हिंसक वागणूक ठरावीक अंतरानं परतत होती. डाल्टन यांनी साक्ष दिली आणि शिक्षा सौम्य झाली. त्याच 1981 साली अजमेरमध्ये एका स्त्रीवर तीन मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप आला. त्यांतलं एक मूल दगावलं. सत्र न्यायालयानं तिला जन्मठेप दिली. राजस्थान उच्च न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं ते 2018 मध्ये, पाळीपूर्व त्रासाबद्दलची डॉक्टरांची साक्ष लक्षात घेऊन. तोवर सदतीस वर्षं गेली होती. हे निकाल वाचताना मला दिलासा वाटतो आणि भीतीही. हा आजार असलेल्या बहुतेक बायका कोणालाही इजा करत नाहीत. त्या स्वतःलाच संपवण्याचा विचार करत असतात. न्यायालयातला अपवाद हाच आजाराचा चेहरा ठरला, तर त्या आणखी गप्प बसतील.

अमेरिकेच्या मानसोपचार नियमावलीत 1987 साली हा आजार आला तो परिशिष्टात, वेगळ्या नावानं. प्रत्येक बाईला दर महिन्याला वेडी ठरवायला हे निमित्त होईल, असा आक्षेप स्त्रीवाद्यांनी घेतला. तो रास्तच होता. पण ज्यांना खरोखर त्रास होता त्यांच्यासाठी नाव नसणंही जाचकच होतं. 2013 मध्ये त्याला पूर्ण स्थान मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात तो स्त्रीरोगांत आहे आणि नैराश्याच्या आजारांतही त्याची नोंद आहे.

कारणाचा मोठा उलगडा 1998 साली झाला. अमेरिकेत पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी औषधानं अंडाशयांचं काम थांबवलं, तेव्हा अनेक रुग्ण स्त्रियांची लक्षणं शमली. संप्रेरकं परत देताच ती उसळली. निरोगी स्त्रियांना तीच मात्रा देऊन काही झालं नाही. म्हणजे संप्रेरकं जास्तही नव्हती, कमीही नव्हती. त्यांच्या नेहमीच्या चढउताराला या स्त्रियांचा मेंदू वेगळा प्रतिसाद देत होता. फ्रँक आणि डाल्टन दोघेही मात्रेत अडकले होते.

निदानाला आजही रक्ताची तपासणी नाही. कमीत कमी दोन पाळीचक्रांत रोज संध्याकाळी लक्षणं लिहावी लागतात. अकरापैकी किमान पाच, त्यांत चिडचिड, उदासी, चिंता किंवा मनाची झपाट्यानं होणारी उलथापालथ यांपैकी एक, आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ काहीच नाही, असं चित्र दिसायला हवं. महिनाभर उदासी असेल आणि पाळीआधी फक्त वाढत असेल, तर आजार दुसरा आणि उपचारही वेगळे. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं नैराश्यात गुण द्यायला काही आठवडे लावतात, इथे काही दिवसांतच गुण देतात. त्यामुळे ती फक्त पाळीआधीचे दोनेक आठवडे घेऊनही चालू शकतं. ड्रोस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि वर्तनोपचार यांचाही उपयोग होतो. कोणाला काय, हे डॉक्टरच ठरवतील.

पण डॉक्टरांपर्यंत पोचणं परक्या गावात आणखी अवघड. उदाहरणार्थ, लखनौच्या उत्तरेला सीतापूर रस्त्यावरचं बख्शी का तालाब हे तहसिलीचं गाव. तिथे हवाई दलाचा तळ आहे. बदलीनं अशा ठिकाणी आलेल्या मराठी बाईपाशी माहेरचं माणूस नसतं, आणि मनातलं हिंदीत सांगणं अवघड जातं. लखनौतल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मानसोपचार विभाग आहे आणि त्याच विद्यापीठाचं क्वीन मेरी हे स्त्रियांचं रुग्णालयही. जाताना लिहिलेल्या तारखांची वही सोबत न्यावी. जीव द्यावासा वाटत असेल तर वही भरेपर्यंत थांबू नये: टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीतूनही बोलता येतं.