उपेक्षा: मंडालेहून इगतपुरीपर्यंत

#थ्रेड

१/ मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष, अवहेलना. पालीतील ‘उपेक्खा’ हा त्याच शब्दाचा सख्खा भाऊ. पण बौद्ध ध्यानपरंपरेत तो चित्ताच्या समतोलाचे नाव आहे. हा समतोल विहारांतून सामान्यांच्या घरात कसा आला, याची कथा एका पराभवापासून सुरू होते आणि आपल्या रत्नागिरीला स्पर्श करून जाते.

२/ आधी अर्थ पाहू. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे चार ब्रह्मविहार. बोधीच्या सात अंगांतही उपेक्षा अखेरचे अंग आहे. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. सुखद संवेदनेला न चिकटता आणि दुःखद संवेदनेला न झिडकारता पाहत राहणे, ही उपेक्षा.

३/ पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात एक इशारा दिला. प्रत्येक सद्गुणाचा एक ‘जवळचा शत्रू’ असतो, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा दोष. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. मराठीत शब्दाला चिकटलेला अर्थ नेमका याच शत्रूचा आहे!

४/ आता ब्रह्मदेश. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. थिबा राजाला पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवण्यात आले. १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही तेथे उभा आहे.

५/ ब्रह्मी जनतेसाठी हा केवळ सत्ताबदल नव्हता. राजा हा धर्माचा आश्रयदाता होता. थिबाचे वडील मिंडॉन यांनी संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले होते. राजाच गेला, तर धर्म कोणी सांभाळायचा?

६/ या प्रश्नाला लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्षूंनी उत्तर दिले: सामान्य माणसांनी. त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत ग्रंथ लिहिले, गावोगाव प्रवास केला, गृहस्थांची अभ्यासमंडळे उभारली. तोवर बहुतेक गृहस्थांचा धर्म दान, शील व पूजा यांत सामावला होता. त्यांनी अभिधम्म आणि ध्यानही त्यांच्या हाती दिले.

७/ १९१५ च्या सुमारास त्यांनी आणखी धाडसी पाऊल उचलले. सया तैजी या शेतकऱ्याला ध्यान शिकविण्यास सांगितले. चीवर न घेतलेला माणूस ध्यानाचा आचार्य झाला.

८/ सया तैजींचे शिष्य ऊ बा खिन. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे महालेखापाल झाले. कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही त्यांनी ध्यान शिकवले आणि १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उघडले.

९/ १९५५ साली त्यांच्याकडे अर्धशिशीने त्रस्त एक व्यापारी आला: मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका. जुलै १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले; साधकांत त्यांचे आईवडीलही होते. पुढे १९७६ साली इगतपुरीत धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले.

१०/ मंडालेचा राजा बंदिवान म्हणून कोकणात आला. त्याच्या राज्याच्या अस्तानंतर लोकांत रुजलेले ध्यान ८० हून अधिक वर्षांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पोहोचले.

११/ ‘विमुक्ती’ म्हणजे राग-द्वेषाच्या पकडीतून सुटका. तिने राजकीय पारतंत्र्य आपोआप संपत नाही, हे ब्रह्मदेशाने सोसले आहे. पण लेडी सयाडोंनी पराभवाकडे पाठ फिरवली नाही, वा सूडातही ते जळले नाहीत. जे घडले ते स्थिर नजरेने पाहिले आणि मग कामाला लागले.

१२/ म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘मन शांत ठेवा’ म्हणत अन्यायाकडे काणाडोळा करायला सांगेल, तेव्हा बुद्धघोषाचा इशारा आठवावा. ती उपेक्षा मराठीतली, पालीतली नव्हे.