बारभाईचं बाळ

नवजात अतिदक्षता कक्ष सुधारायचा म्हटला की एकच सूत्र ऐकू येतं: खाटा वाढवा, वॉर्मर वाढवा, आणि सगळ्या परिचारिकांना सगळी बाळं पाहू द्या. कोणी रजेवर गेलं तरी काम अडत नाही.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. दीड किलोच्या आतलं बाळ मोठ्या, अनुभवी केंद्रात जन्मलं तर त्याच्या जगण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात व्हेंटिलेटर नेऊन ठेवा, असं कोणी म्हणणार नाही. पण यातून यंत्रं एकत्र असावीत एवढंच सिद्ध होतं. माणसांचाही एकच ढीग करावा, हे कुठून आलं?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर पुष्कळदा ताप येतच नाही. उलट अंग गार पडतं. काल वाटी-चमच्याने दूध घेणारं बाळ आज घोट तोंडातच धरून ठेवतं, पोट जरा फुगतं. मॉनिटर ओरडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. हा फरक ओळखायला काल ते बाळ पाहिलेलं असावं लागतं. शिवाय जितके हात, तितकी जंतूंची ने-आण. फार हातांची गत इतिहासातही दिसते: चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं देऊन बारभाईंनी, म्हणजे बारा कारभाऱ्यांनी, कारभार मांडला खरा. पण त्या बारांतून शेवटी निभावून नेणारे नाना फडणीसच उरले!

छोट्या, ठरलेल्या पथकाच्या मंडनासाठी नगरकरांना लांब जायला नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे याच जिल्ह्यातल्या जामखेडला आले. त्यांनी गावातलीच एक बाई त्या गावासाठी तयार केली, आणि तिच्या पाठीशी फिरतं छोटं पथक ठेवलं. हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिशीच्या आत आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच रीत नवजातांसाठी कसाला लावली. त्यांच्या आरोग्यदूत घरी जाऊन बाळ तपासत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ वरून पंचविशीपर्यंत उतरल्याचं १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं.

गाव वेगळं आणि अतिदक्षता कक्ष वेगळा, असा आक्षेप येईल. मग २०२१ सालचं संशोधन पाहा. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवलं, आईलाच कक्षात घेतलं. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ ऐवजी १२ झाले. आई ही पथकातली एकच व्यक्ती अशी, की जिची पाळी बदलत नाही.

तेव्हा बारा वॉर्मरच्या कक्षात चार-चार बाळांचे तीन गट करावेत. प्रत्येक गटाला दर पाळीत ठरलेली परिचारिका असावी, शेजारच्या गटातल्या परिचारिकेलाही ती बाळं तोंडओळखीची असावीत, म्हणजे रजेचाही प्रश्न सुटतो. बाळ घरी निघालं की गावच्या आशाताईंना फोन त्याच परिचारिकेने करावा: हे बाळ डाव्या कुशीवर नीट पितं, उजव्या कुशीवर दमतं.