निरोगी मनगटाची मोजणी: क्ष-किरणांच्या पहिल्या हातापासून सीटी स्कॅनपर्यंत

२३ जानेवारी १८९६. जर्मनीतील वुर्झबर्ग येथील सभागृहात विल्हेल्म राँटजेन यांचे व्याख्यान झाले आणि अखेरीस त्यांनी सर्वांसमक्ष एका वृद्ध श्रोत्याच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. तो हात होता अल्बर्ट फॉन क्योलिकर यांचा. वय ७८, व्यवसाय शरीररचनाशास्त्र. ज्यांचे आयुष्य मृतदेहांच्या विच्छेदनात गेले, त्यांच्या जिवंत हाताचा सांगाडा त्यांच्याच सहकाऱ्यांनी पाहिला. #धागा

त्या आधी महिनाभर, २२ डिसेंबर १८९५ रोजी, राँटजेन यांनी पत्नी ॲना बर्था यांच्या अंगठीसह हाताचे चित्र घेतले होते. ते चित्र आज सर्वांना ठाऊक आहे. मात्र या दोन्ही हातांविषयीची एक साधी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही दोन्ही चित्रे रोगनिदानासाठी घेतलेली नव्हती. क्ष-किरणांच्या इतिहासाचा आरंभच निरोगी हातापासून झाला. 'निरोगी' म्हणजे नेमके किती मिलिमीटर, हा प्रश्न मात्र पुढे शतकभर पुरला.

मनगटात आठ लहान हाडे असतात, हे १५४३ मध्ये व्हेसेलियसने नीट चितारले होते. त्यांना नावे न देता त्याने क्रमांक दिले. पण ते ज्ञान होते मृत मनगटाचे, स्नायूंचा ताण गेलेले, टेबलावर मांडलेले. जिवंत मनगटाविषयी शल्यविशारदाला केवळ बोटांच्या स्पर्शावर विसंबावे लागे. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी मनगटापासून सुमारे दीड इंचावर होणाऱ्या अस्थिभंगाचे वर्णन केले, तेही विच्छेदनाच्या आधाराविना. त्या काळी अशी दुखापत अनेकदा मनगट निखळल्याचीच मानली जाई. हाड थोडे वाकडे जुळले तरी हात पुढे चालतो, असे कोलिस यांचे मत होते. ते पारखायचे कसे? किती वाकडे, हे सांगायला आधी सरळ म्हणजे किती हे ठाऊक हवे, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते.

१८९६ हे वर्ष सरण्यापूर्वीच टॉमस हेस्टी ब्राइस या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने जिवंत हाताच्या क्ष-किरण चित्रांची मालिका घेऊन मनगटाच्या हालचालींवर निबंध प्रसिद्ध केला. हात वळवला की आठ हाडांपैकी कोणते कुठे सरकते, हा त्याचा प्रश्न. शोध लागून वर्षही झाले नव्हते. बहुतेक लोक शरीरात रुतलेल्या सुया आणि बंदुकीच्या गोळ्या शोधत असताना ब्राइस धडधाकट मनगट पाहत होता. इतिहासाने त्याची दखल फारशी घेतली नाही, हे खटकते.

याच सुमारास निरोगी हाताचा आणखी एक उपयोग रूढ झाला, आणि तो भयंकर होता. आरंभीच्या क्ष-किरण नळ्या लहरी असत. आज एक प्रखरता, उद्या दुसरी. नळी ठीक चालते की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे आपलाच हात किरणांसमोर धरायचा आणि पडद्यावर हाडे किती स्पष्ट दिसतात ते पाहायचे. तंत्रज्ञाचे मनगट हेच मोजमापाचे साधन झाले. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे.

एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. बर्मिंगहॅमचे डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी १९०८ मध्ये डावा हात गमावला. फिलाडेल्फियाचे मिहरान कासाबियन यांनी स्वतःच्या झिजत गेलेल्या हातांची छायाचित्रे जपून ठेवली. १९१० मध्ये त्यांचाही अंत झाला. पुढे नळी तपासण्यासाठी सांगाड्याचा हात बसवलेली उपकरणे आली. १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथे अशा बळींचे स्मारक उभे राहिले. पोटाच्या किंवा छातीच्या चित्रणाचा इतिहास लिहिताना ही नावे ओझरती येतात. मनगटाच्या चित्रणाच्या इतिहासात त्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता व्हिएन्नाकडे. १९१० मध्ये रोबेर्ट कीनब्योक यांनी मनगटातील 'लुनेट' या चंद्रकोरीच्या आकाराच्या हाडाचा एक विकार वर्णिला. त्यात हे हाड रक्तपुरवठ्याअभावी हळूहळू खचत जाते. बहुतेक रुग्ण तरुण, हातावर पोट असलेले. असे का होते, याचे उत्तर त्या वेळी नव्हते.

ते शोधण्यासाठी स्वीडनच्या हुल्टेन यांनी १९२८ मध्ये जे केले, त्याला या विषयातील पहिली खरी मोजणी म्हणावे लागेल. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे येतात: अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटाशी या दोहोंची टोके एका रेषेत येतात का, की अल्ना थोडे आखूड वा लांब असते, हे त्यांनी क्ष-किरण चित्रांवर पाहिले. हा फरक अवघा एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्यांनी केवळ रुग्ण पाहिले नाहीत. ४०० निरोगी मनगटेही मोजली.

निष्कर्ष असा: निरोगी मनगटांपैकी ६१ टक्क्यांत दोन्ही हाडे समपातळीत, २३ टक्क्यांत अल्ना आखूड, १६ टक्क्यांत अल्ना लांब. उलट कीनब्योक विकाराच्या २३ रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांत अल्ना आखूड. तर्क सरळ होता. अल्ना आखूड असली की सारा भार रेडियसकडून लुनेटवर येतो आणि ते चिरडले जाते. मग उपाय? रेडियसच आखूड करा. १९३५ च्या सुमारास हुल्टेन यांनी अशी शस्त्रक्रिया केली आणि जगभर ती रूढ झाली. ४०० निरोगी माणसांच्या सावल्या मोजून काढलेला आकडा आता करवतीला दिशा देत होता.

या तर्काच्या पायाशी असलेले यांत्रिक सत्य पुढे सिद्धही झाले. १९८४ मध्ये अमेरिकेतील पामर आणि वर्नर यांनी मृत हातांवर प्रयोग करून दाखवले की, मनगटावरील भारापैकी साधारण ८२ टक्के रेडियस आणि १८ टक्के अल्ना पेलते. अल्ना अडीच मिलिमीटरने लांबवली तर तिचा वाटा ४२ टक्क्यांवर जातो; तेवढीच आखूड केली तर ४.३ टक्क्यांवर घसरतो. अडीच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीचा जेमतेम अर्धा भाग. मोजणीत एवढी चूक झाली, तर सारा हिशेब उलटतो.

आणि चूक होणे अगदी सोपे होते. हुल्टेन यांच्या निरोगी टक्केवारीकडे दीर्घकाळ निसर्गनियम म्हणून पाहिले गेले. पण हात पालथा केला की चित्रात अल्ना लांब दिसते, उताणा केला की आखूड. मूठ आवळली तरी फरक पडतो. म्हणजे एकाच माणसाचे एकच मनगट, हात कसा ठेवला यावरून 'आखूड' किंवा 'सम' ठरू शकते. म्हणूनच पुढे चित्र घेण्याची पद्धत ठरवून घ्यावी लागली: दंड खांद्याच्या पातळीत, कोपर काटकोनात, तळहात फलकावर सपाट. क्ष-किरण कक्षातील तंत्रज्ञ हात असा चमत्कारिक रीतीने का ठेवायला लावतो, असे अनेकांना वाटते. त्याचे कारण हे आहे.

प्रश्न केवळ हात ठेवण्याचा नव्हता. मनगटे कोणाची, हाही होता. १९७५ मध्ये गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांच्या मनगटांत या मापाचा सरासरी फरक नोंदवला. १९९१ मध्ये जपानमधील नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी निरोगी मनगटे मोजून दाखवले की, हे अंतर वयानुसार बदलते. तसे असेल, तर तरुण रुग्णांची तुलना सर्व वयांच्या निरोगी लोकांशी करणे मुळातच फसवे. १९९४ मध्ये बेल्जियमच्या अभ्यासकांनी तर रुग्ण आणि निरोगी यांच्यात अर्थपूर्ण फरकच आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. वाद अजून मिटलेला नाही. रेडियस आखूड करण्याची शस्त्रक्रिया मात्र टिकून आहे, कारण अनेक रुग्णांना तिने आराम मिळतो. कारणमीमांसा डळमळली तरी उपचार उभा राहिला. वैद्यकाच्या इतिहासात हे नवे नाही.

कोलिसच्या अस्थिभंगाचीही गोष्ट अशीच. १९५१ मध्ये गार्टलंड आणि वर्ली यांनी जुळलेल्या अस्थिभंगांचा आढावा घेताना रेडियसच्या टोकाची निरोगी मापे दिली: तळहाताकडील कल सरासरी ११ अंश, अंगठ्याकडून करंगळीकडे उतरणारा उतार सरासरी २३ अंश. आज अस्थिरोगाचे विद्यार्थी '११-२२-११' असे पाठ करतात. शेवटचे ११ हे उंचीचे मिलिमीटर. पाठांतरात जे हरवते, ते म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा. संपूर्ण निरोगी माणसाचा तळहाताकडील कल अवघा काही अंशांचाही असू शकतो आणि २० अंशांचाही. म्हणून अनुभवी शल्यविशारद संशय आला की त्याच रुग्णाच्या दुसऱ्या, न मोडलेल्या मनगटाचे चित्र घेतो. पुस्तकातील सरासरीपेक्षा तो मापदंड त्या माणसाच्या कितीतरी जवळचा असतो.

एक मूळ अडचण मात्र राहिलीच होती. क्ष-किरण चित्र म्हणजे सावली. आठ हाडे एकमेकांवर पडलेली. कुणाचे टोक कुठे संपते हे ओळखणेच कठीण. ब्राइसने १८९६ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सावलीतून मिळणारे नव्हते. १९७१ मध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन केले. मनगटासारख्या बारीक सांध्यासाठी तंत्र पुरेसे सूक्ष्म व्हायला आणखी काही काळ जावा लागला.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या क्रिस्को, मूर आणि सहकाऱ्यांनी ३० निरोगी स्वयंसेवकांच्या दोन्ही मनगटांचे निरनिराळ्या स्थितींत सीटी स्कॅन करून प्रत्येक हाडाचे त्रिमितीय प्रतिरूप घडवले. पंधरा स्त्रिया, पंधरा पुरुष. २००७ मध्ये हा संग्रह इतर संशोधकांसाठी खुला झाला. हाताचे स्कॅन करताना किरणोत्सर्ग शरीराच्या नाजूक अवयवांपासून दूर राहतो, म्हणून निरोगी माणसांवर हे करण्यास परवानगी मिळू शकते. डॅलीच्या काळात अशी परवानगी कोणी मागत नव्हते.

या मोजणीतून स्त्रियांची मनगटाची हाडे पुरुषांपेक्षा लक्षणीय लहान असल्याचे नेमकेपणे दिसले. वेगळ्या घडणीची नव्हेत; मुख्यतः लहान. त्याहून रंजक निष्कर्ष हालचालींचा. हात अंगठ्याच्या बाजूला मागे नेऊन करंगळीच्या बाजूला पुढे आणला, जसे हातोडा मारताना किंवा दगड भिरकावताना होते, तर मनगटाच्या पहिल्या रांगेतील स्कॅफॉइड आणि लुनेट ही हाडे जवळजवळ जागची हलत नाहीत. हालचालीचा बहुतेक वाटा दुसरी रांग उचलते. लुनेटच्या दुखापतीनंतर व्यायाम कोणत्या दिशेने सुरू करावा, याचा विचार करताना आज हातोड्याच्या या वाटेचाही आधार घेतला जातो.