बर्गींचे पुराण आणि बंगालचे देव

कलकत्त्यास बदलून आलेल्या महाराष्ट्रीयास ‘बर्गी’ हा शब्द प्रथम कानी पडतो, तेव्हा तो आपल्याच घरचा आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ज्याचा घोडा व हत्यार सरकारचे, तो आपला बारगीर. त्याचाच हा बंगाली अवतार. आमच्या शाळेच्या इतिहासात बंगालवरील स्वाऱ्या ‘चौथाई वसूल केली’ एवढ्या वाक्यात आटोपतात. येथल्या आया मात्र पावणेतीनशे वर्षे त्या नावाचे भय घालून लेकरे निजवीत आल्या आहेत.

इ. स. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. नबाब अलिवर्दीखानाशी सुरू झालेला हा झगडा १७५१ च्या तहापर्यंत चालला. तहाने ओरिसाचा वसूल व सालीना बारा लक्ष रुपये पदरात पडले. भास्करपंत त्यापूर्वीच, १७४४ च्या मार्चअखेर, मनकरा येथे तहाच्या बोलण्यास गेले असता नबाबाच्या डेऱ्यात दग्याने मारले गेले. तो दगा आम्हां सर्वांस पाठ आहे. त्याआधी राढ प्रांतातील खेड्यांची काय दशा झाली, हे आम्हांस कोणी शिकविले नाही.

कलकत्तेकरांनी धसक्याने शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, आणि काम तसेच राहिले. १७५६ मध्ये शत्रू आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला या अर्धवट खंदकाने अडविले नाही! पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ एवढी खूण उरली आहे.

पण ज्यांच्यापाशी खंदक नव्हता, त्यांनी हे दुःख कशाच्या बळावर सोसले? याचे उत्तर गंगाराम नावाच्या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त सापडते. १७५१ चे हे काव्य. म्हणजे जखमा ओल्या असतानाच लिहिलेले. त्यातील पळापळीचे वर्णन मराठी माणसाने एकदा तरी मन घट्ट करून वाचावे. पंडित पोथ्यांचा भार घेऊन निघतात, सोनार काटा-वजने उचलतो, कोळी जाळे. बर्गी प्रत्यक्ष पाहिले का, असे विचारता पळणारे सांगतात की पाहिले नाहीत, सारे पळतात म्हणून आम्हीही पळतो. ज्यांनी पाहिले त्यांची कथा पुढे येते. कापलेली नाक-कान, जळती घरे, स्त्रियांची विटंबना यांची ती कथा येथे विस्ताराने सांगवत नाही.

आणि एवढे लिहिणारा हा कवी ग्रंथारंभी म्हणतो काय? पृथ्वीला पापाचा भार झाला, ती ब्रह्मदेवाकडे गेली, आणि अखेर शिवाने नंदीस दक्षिणेत शाहूराजाकडे धाडले! संकट परक्याचे नव्हे, आपल्याच देवाने पाठविलेले. ज्या दुःखाला कारण आहे, त्याला शेवटही असतो, एवढा आधार त्या माणसाला पुरला असावा. परंतु गंगाराम तेथेच थांबत नाही. भास्करपंतांनी काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच नबाबाने छापा घातला, हा इतिहास आहे. कवीच्या लेखी स्त्रिया, ब्राह्मण व वैष्णव यांची हत्या पाहून देवी कोपली आणि तिने भास्कराचा पक्ष सोडून नबाबाचा घेतला. पूजा करणारा हिंदू, छापा घालणारा मुसलमान, आणि देवी कोणाकडे? आमच्या मते या प्रश्नाला अठराव्या शतकातील एका खेडवळ कवीने दिलेले उत्तर कित्येक विद्वान इतिहासकारांपेक्षा निर्भीड आहे. त्याच्यापाठोपाठ १७५२ मध्ये भारतचंद्राने ‘अन्नदामंगल’ रचले. त्यातही नंदी येतो, साताराही येतो. पण तेथे दोष नबाबाच्या सैन्याने भुवनेश्वरी केलेल्या विध्वंसाचा. भारतचंद्र राजाश्रयाचा कवी. त्याचे समाधान आम्हांस जरा सोयीचे वाटते.

विष्णुपूरची गोष्ट वेगळीच. तेथील मल्ल राजा गोपालसिंह इतका वैष्णव, की प्रजेने रोज नामजप केलाच पाहिजे असा त्याचा हुकूम. लोक त्याला ‘गोपालसिंहाची वेठ’ म्हणत. मराठे वेशीशी आले तेव्हा राजाने सर्वांना मदनमोहनाचा धावा करावयास सांगितले, आणि रात्री देवाने स्वतः ‘दलमादल’ तोफ डागून शत्रूस पिटाळले, अशी आख्यायिका आहे. आपला विठोबा दामाजीसाठी महार झाला, तसा हा गोलंदाज झाला! ज्या वेठीला लोक हसत, तिलाच त्या रात्रीनंतर आधार मानू लागले.

पुढे मल्लांना उतरती कळा लागली. चैतन्यसिंहाने कर्जापायी तो मदनमोहन कलकत्त्याच्या गोकुळ मित्रांकडे गहाण टाकला आणि देव परत गेला नाही, असे सांगतात. मित्रांनी बागबाजारात त्याचे देऊळ उभारले. मराठ्यांसाठी खणलेल्या खंदकापासून ते फार लांब नाही. अन्नकूटाला तेथे आजही भाताची रास पडते. तोफ मात्र विष्णुपुरासच आहे.