हाय हील्स, चावणारी चप्पल आणि आपली नालवाडी

लग्नसराई आली की एक प्रश्न हमखास येतो: हाय हील्स घालून वरातीपासून रिसेप्शनच्या जेवणापर्यंत टिकायचं कसं? आपला पॉडकास्ट इतिहासाचा, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

उंच टाच मुळात चालण्यासाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वारांच्या बुटांना ती असायची, कारण त्यामुळे पाय रिकिबीत पक्का अडकतो. युरोपातही ती आधी पुरुषांच्या पायात मिरवली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर लाल टाचांचे जोडे घालायचा. सुईसारखी बारीक स्टिलेटो १९५० च्या दशकातली. म्हणजे बघा, घोड्यावर बसणाऱ्याची आणि फारसं पायी न हिंडणाऱ्या राजाची वस्तू घालून आपण डीजेसमोर नाचतो. पाय बोंबलणारच ना!

टाच वर गेली की अंगाचा भार चवड्यावर येतो आणि पाय पुढे घसरून बोटं चेंगरतात. म्हणून जाड, बुटकी टाच घ्या, घोट्याला पट्टा असलेली. खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. चवड्याखाली मऊ गादी लावा. नवा जोड घरात चार-पाच दिवस घालून फिरा, आणि पिशवीत साधी चप्पल ठेवाच.

आता चप्पल चावली की आपण दुकानदाराला शिव्या घालतो. पण ते कातडं कमावलं कोणी? इथे गोष्ट आपल्या वर्ध्यात येते.

गांधीजींना चपला शिवता यायच्या. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉलस्टॉय फार्म सुरू झालं. त्यांचे मित्र कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात ही कला शिकून आले आणि त्यांच्याकडून ती फार्मवर पसरली. १९१४ साली देश सोडताना गांधीजींनी एक जोड जनरल स्मट्सना दिला, म्हणजे ज्याने त्यांना तुरुंगात टाकलं त्यालाच! स्मट्सनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीनिमित्त, परत पाठवला. तेव्हा गांधीजी आपल्या सेवाग्रामात राहत होते.

ही झाली गोड गोष्ट. नालवाडीची तेवढी गोड नाही. वर्धा शहराला लागूनच्या या वस्तीत विनोबा १९३२ साली राहायला गेले. पुढे गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे चर्मालय चालवलं. कातडं फक्त आपोआप मेलेल्या जनावराचं. ते सोलणं, कमावणं, त्याच्या चपला शिवणं हे सगळं शास्त्रशुद्ध आणि स्वच्छ करायचं, म्हणजे कामाला मान मिळेल आणि करणाऱ्यालाही, असा विचार. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं मुख्यालय मगनवाडीतच होतं, त्यामुळे गावातल्या चामड्याच्या धंद्यावर वर्ध्यात बरीच चर्चा व्हायची.

पण त्याआधीच, १९२७ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या परिषदेत नेमकं उलट सांगितलं होतं: मेलेली ढोरं ओढणं सोडा. काम कितीही स्वच्छ केलं तरी ते जन्मावरूनच वाट्याला येत असेल, तर त्यात मान कसला? मला स्वतःला हाच मुद्दा जास्त पटतो. चर्मालयातली माणसं मनापासून राबली, यात वाद नाही. उच्चवर्णीयांनी कातड्याला हात लावणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. पण त्यांना हे काम नको झालं तर सोडून देता येत होतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला ते सोडायचं तर गावाशी भांडण घ्यावं लागायचं, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांनी ते घेतलं.

तुमच्या आजोबा-पणजोबांकडे यातली काही आठवण असेल, तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.