मतपेटी, यंत्र आणि खिशातला फोन : स्थानिक निवडणुकांतील दूरस्थ मतदानाचा विचार, रायपूरच्या संदर्भात

मराठीतील 'मत' या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. एक म्हणजे विचाराअंती बनलेली धारणा आणि दुसरा म्हणजे निवडणुकीत दिलेला कौल. पहिले मत नावानिशी, चारचौघांत मांडावयाचे असते. दुसऱ्या मताला मात्र कर्त्याचे नाव नसणे हीच त्याच्या वैधतेची अट असते. ही अनामिकता आधुनिक लोकशाहीने प्रयासाने घडवली आहे. म्हणूनच संगणकजाळ्यावरून मत देण्याच्या सोयीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या कक्षेत राहत नाही.

रायपूर येथे या प्रश्नाचा विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. येथील नगरपालिका 1867 सालची. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी भाषक समाज या प्रदेशात रुजला होता. 1900 साली पेंड्रा येथून निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे आणि प्रकाशक वामनराव लाखे हे दोघेही त्याच समाजातील. मुद्रित शब्दाने येथे सार्वजनिक मत घडत होते, त्या काळात मताधिकार मात्र मालमत्ता, कर अशा अटींनी मर्यादित होता. वाचकाचे मत आणि मतदाराचे मत यांच्यातील हे अंतर प्रौढ मताधिकाराने मिटवले.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही चिन्ह 'वाचता' यावे, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे चिन्हे मतपत्रिकेवर आली, नंतर यंत्रावर. हे शेवटचे स्थित्यंतर सरळ झाले नाही. 1982 साली केरळातील परवूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. परंतु कायद्यातील 'मतपत्रिका' आणि 'मतपेटी' या शब्दांत यंत्राचा समावेश होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली दिला आणि तेथे फेरमतदान घ्यावे लागले. यंत्राला मान्यता मिळाली ती लोकप्रतिनिधित्व कायद्यात नवे कलम घातल्यानंतर. एका शब्दाच्या अर्थाने निवडणुकीचा निकाल फिरावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रायपूरच्या मतदाराने तर हा प्रवास उलटसुलट दिशांनी केला. डिसेंबर 2019 मधील नगरीय निवडणुका छत्तीसगढमध्ये मतपत्रिकेवर झाल्या; महापौराची निवडही पार्षदांकडे सोपवली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये यंत्र परतले आणि महापौर पुन्हा थेट मतदानाने निवडला गेला. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे मतदान मात्र कागदावरच झाले. जुने साधन मागे पडून नवे रूढ होते, ही प्रगतीची सरळ रेघ येथे लागू पडत नाही. साधनांवरील विश्वास राजकीय वादांतून घडतो आणि मोडतो.

स्थानिक निवडणुकांमध्येच असे प्रयोग का होतात, याचे उत्तर संविधानात आहे. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी या निवडणुका राज्य निवडणूक आयोगांकडे दिल्या. त्यामुळे 2010 साली गुजरातेत वडोदऱ्यासह सहा महानगरपालिकांत घरबसल्या मतदानाची सोय देता आली. प्रतिसाद अत्यल्प राहिला. 28 जून 2025 रोजी बिहारच्या काही नगरपालिकांत भ्रमणध्वनीवरून मतदान झाले. वृद्ध, अपंग, गर्भवती आणि स्थलांतरित यांच्यासाठी ती योजना होती. एका क्रमांकावरून दोनच मतदारांना मत देता येईल, अशी मर्यादाही होती.

ही सोय क्षुल्लक नव्हे. खरिपाची कापणी आटोपली की छत्तीसगढच्या गावांतून मजूर वीटभट्ट्यांकडे आणि दूरच्या शहरांकडे निघतात. रायपूर स्थानक हे त्यांच्या वाटेवरचे मोठे ठिकाण. डिसेंबर असो वा फेब्रुवारी, उपरोक्त दोन्ही निवडणुका याच काळात आल्या. गावी परतण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांपुढे मताधिकार नामधारी ठरतो.

परंतु हाच मतदार सर्वाधिक असुरक्षितही असतो. भट्टीवरच्या झोपडीला मतदानकक्षाचा आडोसा नाही. फोन मुकादमाच्या नजरेसमोर उघडला जाऊ शकतो. मतदानकेंद्रात कोणाचीही नजर चालणार नाही, अशी व्यवस्था शासन स्वतः उभी करते. दूरस्थ मतदानात ती जबाबदारी मतदारावर येऊन पडते. वॉर्डाच्या निवडणुकीत थोड्या मतांचा फरक निर्णायक ठरतो आणि कोणाचे मत कोणाकडे, याचा अंदाज शेजाऱ्यांनाही असतो. तेथे ही जबाबदारी अधिकच जड होते.

एस्टोनियाने 2005 च्या स्थानिक निवडणुकांत देशभर जाळ्यावरील मतदान सुरू केले, तेव्हा या अडचणीवर एक तोड काढली. मतदाराने कितीही वेळा मत द्यावे, अखेरचे ग्राह्य. आणि केंद्रावर दिलेले कागदी मत सर्वांवर वरचढ. पाठचिकित्सेच्या भाषेत, ही अखेरच्या संहितेला प्रमाण मानण्याची पद्धत आहे. दडपणाखाली दिलेले मत त्यामुळे मागाहून पुसता येते; मात्र त्यासाठी एकांताचा एखादा क्षण, स्वतःच्या ताब्यातील ओळखपत्र आणि साधन लागते. मजुराजवळ नेमके तेच नसते.

दुसरा प्रश्न पडताळणीचा. 2010 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन नगरीने आपली प्रणाली चाचणीसाठी खुली केली आणि मिशिगन विद्यापीठाच्या गटाने ती अल्पावधीत भेदून नोंदवलेली मते बदलून दाखवली. 2009 साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने म्हटले होते की, मतदानाचे आवश्यक टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. तो निर्णय मतदानयंत्रांविषयीचा असला तरी त्यातील तत्त्व जाळ्यावरील मतदानाला अधिकच लागू होते. पेटीतील चिठ्ठ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोजल्या जातात. मोजणीचा हा पाठ सर्वांना वाचता येतो. संकेतलिपीतील मत फक्त तज्ज्ञाला वाचता येते आणि इतरांना त्या तज्ज्ञावर विश्वास ठेवावा लागतो.

सोयीचा लाभ एकेका मतदाराला होतो, तर सुरक्षितता ही सर्वांची सामाईक ठेव असते. म्हणून एकीच्या बदल्यात दुसरी देता येत नाही. स्थलांतरित मजुराला त्याच्या कामाच्या गावी शासकीय देखरेखीखालील मतदानकक्ष मिळाला, तर अंतराचा प्रश्न सुटेल आणि आडोसाही राहील. त्या मार्गाचा खर्च मोठा आहे, व्यवस्था अवघड आहे. पण 1951-52 साली निरक्षरतेचा प्रश्न समोर आला, तेव्हा मतदाराला दोष न देता पेटीवर चिन्ह रंगवले गेले होते. साधनाने मतदाराच्या परिस्थितीला सामोरे जावे, हे त्या निर्णयामागील सूत्र आजही तितकेच मोलाचे आहे.